यूट लोक : त्यांच्या कथा आणि त्यांची भूमि

एखाद्या ठिकाणाचें नांव आपण रोज घेत असतों. परंतु तें नांव मूळचें कोणाचें आणि तें तेथें कसें आलें, हा प्रश्न सहसा आपल्या मनांत येत नाहीं. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत आणि भूगोल हे विषय शिकविले. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा नकाशा फळ्यावर काढतांना पश्चिमेकडील ‘यूटा’ हें संस्थान प्रतिवर्षीं आमच्या हातून काढलें जाई आणि त्याची राजधानी सॉल्ट लेक सिटी, हें मुलांकडून पाठ करून घेतलें जाई. पण ‘यूटा’ या शब्दाचा अर्थ काय, हें एकाही विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांलाही तें ठाऊक नव्हतें. सेवानिवृत्तीनंतर एके दिवशीं आमच्या धाकट्या नातीनें नकाशांचें पुस्तक पुढें ठेवून नेमका तोच प्रश्न केला, तेव्हां आम्हांस निरुत्तर व्हावें लागलें. तिला उत्तर देतां यावें म्हणून जें वाचन घडलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘यूटा’ हें नांव यूट नांवाच्या लोकांवरून पडलें आहे. हे लोक स्वतःस ‘नूच’ म्हणवितात आणि त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ ‘माणसें’ इतकाच होतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस ‘इंडियन’ म्हणण्याची चाल कोलंबसाच्या चुकीमुळें पडली, हें वाचकांस विदित आहेच. आपल्या देशाकडे येण्यास निघालेला तो खलाशी भलत्याच किनाऱ्याला लागला आणि तेथील लोकांना त्यानें आपलें नांव देऊन टाकलें! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा ज्याप्रमाणें एका कुळांतील मानल्या जातात, त्याप्रमाणें यूटांची भाषाही एका विस्तीर्ण कुळांत मोडते. त्या कुळाला विद्वानांनीं ‘यूटो-अ‍ॅझ्टेकन’ असें नांव दिलें आहे. उत्तरेकडील शोशोनी, मैदानांतील कोमांची, वाळवंटांतील होपी आणि थेट मेक्सिकोंतील अ‍ॅझ्टेक या सर्वांच्या भाषा त्याच कुळांतल्या होत.

यूटांचा मुलूख म्हणजे आजच्या कोलोरॅडो संस्थानाचा डोंगराळ भाग, यूटा संस्थानाचा बराचसा मध्य व पूर्व भाग आणि न्यू मेक्सिकोचा उत्तरेकडील पट्टा. रॉकी पर्वताचीं चौदा हजार फुटांहून उंच अशीं कित्येक शिखरें या मुलखांत आहेत. यूटांचें एकछत्री राज्य नव्हतें. लहानमोठे अनेक गट होते आणि कित्येक गटांचीं नांवें त्यांच्या भूमीवरून वा अन्नावरून पडलेलीं होतीं. पाइक्स पीक या नांवानें आज प्रसिद्ध असलेल्या शिखराला यूट ‘तावा’ म्हणजे सूर्य म्हणत. त्या परिसरांतले ते ‘ताबेग्वाच’, म्हणजे सूर्यपर्वताचे लोक. ‘यांपा’ नांवाचा खाण्याचा कंद ज्यांच्या खोऱ्यांत विपुल, ते यांपा यूट. उन्हाळा लागला कीं हीं कुटुंबें हरणांच्या मागोमाग उंच कुरणांवर चढत, रानफळें व कंद गोळा करीत. शरदृतूंत पिनियन नांवाच्या वृक्षाच्या बिया सांठवीत आणि बर्फ दाटण्यापूर्वीं खालच्या उबदार खोऱ्यांत उतरत. आपण अमुक दिशेनें येथें आलों, अशी कथा अनेक जमातींत असते. यूटांत ती नाहीं. आपण आरंभापासून याच डोंगरांत आहों, असें ते सांगतात.

पिशवींत उरलेले

यूटांच्या घरीं कथा सांगण्याला काळाचें बंधन होतें. देवांच्या आणि प्राण्यांच्या कथा सांगावयाच्या त्या हिवाळ्यांत, बाहेर बर्फ पडत असतां, रात्रीं विस्तवाभोंवतीं बसून. आपल्याकडे चातुर्मासांत पुराण लावण्याची चाल होती. तिचें स्मरण ज्यांना आहे, त्यांना या नियमाचें मर्म सहज कळेल. बाहेरचीं कामें थांबलेलीं, सारें घर एकत्र आलेलें आणि सांगावयास आजा-आजी बसलेलीं. अशा वेळीं ऐकलेलें माणूस जन्मभर विसरत नाहीं.

सृष्टीच्या आरंभीं सिनावाव नांवाचा निर्माता होता आणि त्याच्याबरोबर कायोटी होता. कायोटी हा त्या देशांतील प्राणी कोल्ह्याहून थोर आणि लांडग्याहून लहान असतो. पंचतंत्रांतले करटक आणि दमनक ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना त्याचा स्वभाव निराळा सांगावयास नको. तो चतुर आहे, खादाड आहे, नको तेथें नाक खुपसणारा आहे. आणि तरीही त्याच्यावांचून कथेंतलें कोणतेंच काम तडीस जात नाहीं.

सिनावावानें काठ्या तोडून एका मोठ्या पिशवींत भरल्या. ती पिशवी कायोटीच्या स्वाधीन करून तो म्हणाला कीं, डोंगरांपलीकडे एक पवित्र खोरें आहे, तेथें ही घेऊन जा. वाटेंत मात्र उघडूं नकोस. कायोटी निघाला. दृष्टिआड होतो न होतो तोंच त्यास राहवेना. आंत काय आहे तें जरासें पाहिलें तर काय बिघडलें, असें म्हणून त्यानें पिशवीचें तोंड सोडलें. त्याबरोबर काठ्यांचीं माणसें झालीं आणि तीं भराभर बाहेर पडून, निरनिराळ्या भाषा बोलत, दाही दिशांना पांगलीं. कायोटीनें घाईघाईनें तोंड आवळलें, तेव्हां पिशवींत थोडींच माणसें उरलीं होतीं. तीं त्यानें त्या पवित्र खोऱ्यांत नेऊन सोडलीं. सिनावावाला हें कळलें तेव्हां त्याच्या संतापाला पारावार उरला नाहीं. जे निसटले ते पुढें भूमीसाठीं इतरांशीं सदैव भांडत राहतील, असें त्यानें सांगितलें आणि चार पायांवर रात्रीं-अपरात्रीं भटकत राहण्याचा शाप कायोटीला दिला. जे उरले होते त्यांच्याविषयीं तो म्हणाला कीं, हे थोडे असतील, पण शूर असतील. तेच यूट.

बहुतेक लोकांच्या उत्पत्तिकथेंत आपण सर्वांत थोर वा सर्वांत आधींचे, असा अभिमान दिसतो. यूटांनीं मात्र आपल्याला ‘उरलेले’ म्हटलें आहे. पुढला इतिहास वाचतांना हा शब्द आमच्या मनांतून जाईना.

सूर्याला लागलेली शिस्त

या कथा प्रथम लिहून घेणारांत जॉन वेस्ली पॉवेल याचें नांव अग्रगण्य आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत उजवा हात गमावलेल्या या भूगर्भशास्त्रज्ञानें १८६८-६९ चा हिवाळा कोलोरॅडोंतील व्हाइट नदीच्या कांठीं यूटांच्या शेजारीं घालविला. त्यानें त्यांची भाषा शिकण्याचा उद्योग केला, शब्द टिपले आणि कथा ऐकल्या. जेथें त्याचा मुक्काम होता त्या कुरणास पुढें ‘पॉवेल पार्क’ असें नांव पडलें. वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

पॉवेलनें १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या कथांत सूर्याची कथा आम्हांस सर्वांत बहारीची वाटली. पूर्वीं सूर्य मनास येईल तसा हिंडे. तो जवळ आला कीं माणसें होरपळत आणि आळसानें गुहेंत पडून राहिला कीं रात्र संपतां संपत नसे व पृथ्वी गारठून जाई. एकदां तावात्स नांवाचा ससा-देव आपल्या कुटुंबासह शेकोटीजवळ सूर्याची वाट पाहत बसला होता. वाट पाहतां पाहतां त्यास झोंप लागली. इतक्यांत सूर्य येऊन इतका जवळ सरकला कीं तावात्साचा उघडा खांदा भाजून निघाला. सूर्य भिऊन गुहेंत पळाला. तावात्स सूड घेण्याच्या निश्चयानें निघाला तो पुष्कळ दिवस चालून पृथ्वीच्या कडेला पोंचला. सूर्य बाहेर येतांच त्यानें बाण सोडला. तो वाटेंतच जळून गेला. दुसरा, तिसरा, सारे तसेच जळाले. अखेर एक मंतरलेला बाण उरला. तावात्सानें तो डोळ्याशीं नेऊन आपल्या अश्रूंत भिजविला आणि सोडला. बाण सूर्याच्या तोंडावर लागला, त्याचे हजारों तुकडे होऊन पृथ्वीवर पडले आणि सारें जग पेटलें. आतां तावात्स स्वतःच पळूं लागला. पळतां पळतां त्याचे पाय जळाले, धड जळालें, हात जळाले; शेवटीं नुसतें डोकें गडगडत जाऊं लागलें. तेंही तापून त्याचे डोळे फुटले आणि त्यांतून अश्रूंचा असा लोट वाहिला कीं त्यानें जगाची आग विझली. मग देवांची सभा भरली, पराभूत सूर्यास बोलावण्यांत आलें आणि नेमलेल्या वाटेनें प्रतिदिवशीं आकाश ओलांडण्याची आज्ञा त्यास झाली. तेव्हांपासून दिवस-रात्र व ऋतु सुरळीत चालूं लागले.

तैत्तिरीय उपनिषदांतही सूर्य उगवतो तो परब्रह्माच्या भयानें, असा विचार आला आहे. सूर्यासारखा समर्थ देखील नियमाबाहेर नाहीं, ही जाणीव डोंगरांतल्या शिकाऱ्यांना आणि नदीकांठच्या ऋषींना स्वतंत्रपणें झाली, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें.

दुसरी एक कथा याहून गंभीर आहे आणि ती यूटांप्रमाणेंच त्यांच्या भाऊबंद जमातींतही सांगतात. थोरला भाऊ लांडगा आणि धाकटा भाऊ कायोटी यांचा वाद झाला. लांडगा म्हणाला, मेलेलें माणूस परत यावें. कायोटी म्हणाला, तसें झालें तर जगांत माणसांना जागा पुरणार नाहीं. गेलें तें गेलें असेंच असावें. थोरल्यानें तें मान्य केलें. पुढें सर्वांत आधीं मेला तो कायोटीचाच मुलगा. त्याला परत आणा, म्हणून कायोटी रडत भावाकडे गेला, तेव्हां उत्तर मिळालें कीं, नियम तूंच केला आहेस. या कथेवर भाष्य करण्याची गरज नाहीं.

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत ‘निजलेला यूट’ नांवाचा डोंगर आहे. दूरून पाहिलें असतां छातीवर हात बांधून उताणा निजलेला एखादा पुरुष दिसावा, तशी त्याची आकृति आहे. पूर्वीं दुष्टांशीं झालेल्या महायुद्धांत हा वीर यूटांच्या बाजूनें लढला, घायाळ झाला आणि विसांवा घेण्यासाठीं पडला तो तसाच निजला. त्याच्या जखमेंतलें रक्त पाणी होऊन वाहूं लागलें. वसंतांत तो पोपटी पांघरूण घेतो, उन्हाळ्यांत गर्द हिरवें, शरदांत पिवळें-तांबडें आणि हिवाळ्यांत पांढरें. लोकांवर संकट आलें म्हणजे तो पुन्हां उठेल, अशी समजूत आहे. देवांच्या वतीनें असुरांशीं लढून थकलेला आणि गुहेंत निजलेला राजा मुचुकुंद येथें कोणास आठवणार नाहीं?

घोडा, सोनें आणि करार

सतराव्या शतकांत न्यू मेक्सिकोंतील स्पॅनिश लोकांकडून यूटांना घोडा मिळाला आणि त्यांचें जीवन पालटून गेलें. शिकारीचा पल्ला वाढला, मैदानांतल्या रानगव्यांच्या कातड्यांचे तंबू आले, व्यापार आणि लढाया दोन्ही वाढल्या. १७७६ सालीं डोमिंगेझ आणि एस्कालांटे हे दोन पाद्री कॅलिफोर्नियाची वाट शोधीत सांता फे येथून निघाले, तेव्हां या अनोळखी डोंगरांतून त्यांना वाट दाखविली ती यूट वाटाड्यांनीं.

वाट दाखविणाऱ्याचें पुढें काय होतें, हें इतिहासांत अनेकदां दिसलें आहे. १८४७ सालीं मॉर्मन पंथाचे लोक यूटाच्या खोऱ्यांत वस्तीस आले. गवत, पाणी आणि शिकार यांवरून झगडे होऊं लागले. १८५३ सालीं वाकारा याच्या आणि १८६५ पासून ब्लॅक हॉक याच्या नेतृत्वाखालीं यूट लढले. १८६१ सालीं अध्यक्ष लिंकन यांच्या हुकुमानें यूटांसाठीं यूइंटा खोऱ्यांत एक राखीव मुलूख तोडून देण्यांत आला. इकडे कोलोरॅडोंत १८५९ सालीं सोन्यासाठीं माणसांचा लोंढा लोटला. १८६८ च्या करारानें यूटांकडे कोलोरॅडोचा पश्चिमेकडील सुमारें एक तृतीयांश भाग उरला आणि तो त्यांचा राहील असें लिहून देण्यांत आलें. त्या लेखाची शाई वाळून पांच वर्षें होतात न होतात तोंच सान हुआन पर्वतांत धातूंच्या खाणी सांपडल्या. १८७३ च्या ब्रुनो करारानें तो पर्वत, म्हणजे सुमारें ३७ लाख एकर भूमि, यूटांच्या हातून गेली. शिकार आहे आणि शांतता आहे तोंवर तेथें शिकार करण्याचा त्यांचा हक्क मात्र करारांत राहिला.

हे करार ज्यानें केले, त्या ऊरे याचें चरित्र वाचून मन उदास होतें. ताबेग्वाच आई आणि अपाची बाप यांच्या पोटीं सुमारें १८३३ सालीं तो जन्मला. यूट, अपाची आणि स्पॅनिश या भाषा त्यास अवगत होत्या. इंग्रजीही थोडी येत असे. गोऱ्यांची संख्या आणि शस्त्रें त्यानें वॉशिंग्टनास जाऊन डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. लढून निभाव लागणार नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. म्हणून लढाई टाळून जेवढें राखतां येईल तेवढें राखावें, या धोरणानें तो चालला. सरकार त्यास वर्षाला एक हजार डॉलर देई. त्यामुळें त्याच्या लोकांपैकीं कित्येक त्यास विकला गेलेला समजत. त्याचा एकुलता मुलगा पांच वर्षांचा असतांना शत्रुजमातीनें पळवून नेला होता. वाटाघाटी करणाऱ्या ब्रुनोनें मुलाचा शोध करवून देण्याचें आश्वासन दिलें. करार झाला, मुलगा मात्र घरीं आला नाहीं.

पॉवेल पार्क

१८७८ सालीं व्हाइट नदीवरील सरकारी ठाण्याचा प्रमुख म्हणून नेथन मीकर याची नेमणूक झाली. हा गृहस्थ दुष्ट नव्हता. साठी उलटलेला, वृत्तपत्रांत शेतीवर लिहिणारा, आदर्श गांव वसविण्याच्या ध्येयानें कोलोरॅडोंत ग्रीली ही वसाहत स्थापणारा असा तो सुशिक्षित मनुष्य होता. यूटांनीं शिकार सोडावी, नांगर धरावा, मुलें शाळेंत पाठवावीं, म्हणजे त्यांचें कल्याण होईल, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मात्र त्यांस काय वाटतें हें विचारण्याची त्यास गरज भासली नाहीं. त्यानें ठाणें हलवून पॉवेल पार्क येथें नेलें. दहा वर्षांपूर्वीं ज्या कुरणाजवळ एक गोरा माणूस बसून यूटांच्या कथा ऐकत होता, तें कुरण यूटांच्या घोड्यांचें होतें. तेथें त्यांच्या शर्यती होत. मीकरनें तेथेंच नांगर घातला.

१० सप्टेंबर १८७९ रोजीं जॉन्सन नांवाच्या यूट मांत्रिकाशीं त्याची झटापट झाली आणि त्यानें फौज मागविली. मेजर थॉर्नबर्ग सैन्य घेऊन निघाला. फौज हद्दीबाहेर ठेवून थोड्या लोकांनिशीं बोलणें करण्यास यावें, असें यूटांनीं त्यास कळविलें होतें. परंतु २९ सप्टेंबर रोजीं सैन्यानें मिल्क ओढा ओलांडला आणि लढाई जुंपली. थॉर्नबर्ग पडला, त्याच दिवशीं ठाण्यावर मीकर आणि त्याचे दहा माणूस मारले गेले. मीकरची बायको, मुलगी, आणखी एक स्त्री व तिचीं दोन मुलें यूटांनीं धरून नेलीं. दूर दक्षिणेस असलेल्या ऊरेनें लढाई थांबविण्याचा निरोप धाडला आणि तेवीस दिवसांनीं त्या बायकामुलांची सुटका झाली. ऊरेची बहीण सुसान हिनें त्यांच्या बाजूनें यूटांच्या सभेंत रदबदली केली, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्यासारखी आहे.

पण कोलोरॅडोंत आतां एकच ओरड सुरू झाली कीं, यूटांनीं येथून गेलेंच पाहिजे. ज्या गटांचा या प्रकाराशीं कांहीं संबंध नव्हता, त्यांनाही ती लागू करण्यांत आली. मूत्रपिंडाच्या विकारानें पिडलेला ऊरे १८८० सालीं पुन्हां वॉशिंग्टनास गेला. परत येऊन नव्या कराराला आपल्या लोकांची संमति मिळवीत असतां २४ ऑगस्ट १८८० रोजीं इग्नॅसियो येथें त्याचा अंत झाला. पुढल्या वर्षीं सप्टेंबरांत त्याच्या गटाचे सुमारें चौदाशे लोक सैन्याच्या पहाऱ्यांत यूटाच्या रुक्ष प्रदेशांत हलविण्यांत आले. मागें सोडलेल्या खोऱ्यांत वसाहतवाले वाट पाहतच होते. त्याच महिन्यांत तेथें ग्रँड जंक्शन या शहराचा पाया घातला गेला. ऊरेची पत्नी चिपेटा ही आपलें घर, शेत आणि बाग सोडून याच मेळ्याबरोबर गेली. १९२४ सालीं तिचें परमुलखांत निधन झालें. दुसऱ्या वर्षीं तिच्या अस्थि मॉन्ट्रोझजवळील तिच्या जुन्या शेतावर आणण्यांत आल्या.

शाळा

भूमि गेल्यावर भाषेची पाळी आली. यूटांचीं मुलें सरकारी वसतिशाळांत नेण्यांत आलीं. अशा शाळांत मुलांचे केंस कापीत, त्यांचा पोषाख बदलीत आणि मातृभाषेचा शब्द तोंडांतून निघाला तर शिक्षा करीत. हिवाळ्यांतल्या कथा ज्यांनीं ऐकावयाच्या, तीं मुलें हिवाळ्यांत घरींच नसत. शिकविणाऱ्यांत मीकरसारखे सद्धेतूचे लोक पुष्कळ असावेत.

हें वाचतांना आम्हांस स्वतःची एक गोष्ट आठवली. ती सांगावयास संकोच होतो, पण सांगणें भाग आहे. आमच्या उमेदीच्या काळांत वर्गांत डोंगरावरच्या ठाकरवाडीहून येणारा एक मुलगा होता. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातांना कां दिसतो, असा प्रश्न आम्हीं विचारला. तो मुलगा उठून, आपल्या आजीनें सूर्याविषयीं काय सांगितलें, तें आपल्या बोलींत सांगूं लागला. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों आणि ‘खालीं बस, उत्तर येत नसेल तर गप्प राहावें’ असें म्हणालों. पृथ्वीचें परिवलन शिकविणें आमचें कर्तव्य होतें, यांत संशय नाहीं. परंतु दोन मिनिटें थांबून त्याची कथा ऐकली असती तर पृथ्वी फिरावयाची राहिली नसती. त्या मुलानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. ती कथा काय होती, हें आम्हांस आजतागायत कळलें नाहीं.

उरलेले अजून आहेत

यूट नाहींसे झाले नाहींत. आज त्यांच्या तीन मान्य जमाती आहेत. दक्षिण यूटांचें ठाणें इग्नॅसियो, यूट मौंटन यूटांचें तोवाओक आणि उत्तर यूटांचें फोर्ट डुशेन. १८९५ च्या कायद्यानें भूमीचे व्यक्तिगत तुकडे करावयाचे ठरले, तेव्हां विमिनूच गटानें तें साफ नाकारलें. म्हणून तोवाओकची भूमि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीसारखी सामाईक राहिली. १९०५ सालीं यूइंटाचा राखीव मुलूख वसाहतीसाठीं खुला झाला, तेव्हां सुमारें चारशें यूट निषेधार्थ घरें सोडून साउथ डकोटापर्यंत गेले आणि दोन वर्षांनीं परतले. १९५० सालीं न्यायालयानें बळकावलेल्या भूमीपोटीं यूटांना सुमारें ३ कोटी २० लाख डॉलर देवविले. दक्षिण यूटांनीं १९९२ सालीं आपल्या भूमींतील वायूच्या उत्पादनासाठीं स्वतःची कंपनी काढली. १९७९ सालीं त्यांच्या भाषेचा कोश झाला; १९८४ सालीं उत्तर यूटांनीं आपली भाषा ही जमातीची अधिकृत भाषा म्हणून ठराव केला. ती अस्खलित बोलणारीं माणसें मात्र आतां थोडीं आणि बहुतेक वृद्ध आहेत. पिशवीचें तोंड पुन्हां आवळण्याची ही खटपट आहे.

आणि अस्वलाचा नाच अजून होतो. दोन भाऊ शिकारीस गेले असतां त्यांपैकीं एकानें एक अस्वल झाडापुढें मागच्या पायांवर उभें राहून पुढें-मागें नाचतांना पाहिलें. अस्वलानें त्यास तो नाच शिकविला आणि त्यानें तो आपल्या लोकांस दिला, अशी त्याची कथा आहे. वसंतांतला पहिला मेघ गर्जला कीं अस्वल जागें होतें, म्हणून नाचाचा काळ वसंताचा. फांद्यांचें गोल कुंपण घालतात. खांचा पाडलेल्या काठीवर दुसरी काठी घांसून अस्वलाच्या गुरगुरण्यासारखा नाद काढतात. जोडीदार निवडण्याचा मान स्त्रियांचा. तिनें आपल्या शालीचा पदर ज्याच्याकडे झटकला त्यानें उठलेंच पाहिजे. स्त्रियांची एक रांग आणि पुरुषांची एक, अशा समोरासमोर पुढें-मागें होत राहतात. पूर्वीं हिवाळाभर वेगळाल्या खोऱ्यांत राहिलेले गट येथें भेटत, सोयरिकी जुळत. आज मे महिन्याच्या अखेरीस इग्नॅसियो येथें तो भरतो आणि दूरदूरचे यूट त्यासाठीं घरीं येतात.

आमच्या नातीला आम्हीं ‘यूटा’ या नांवाचा अर्थ सांगितला. पिशवीची आणि सूर्याची अशा दोन्ही कथा सांगितल्या. तिनें त्या मन लावून ऐकल्या आणि मग विचारलें, ‘आजोबा, आणि आपल्या आजीच्या गोष्टी कोणीं लिहून ठेवल्या आहेत?’ आमच्या मातोश्री हादग्याच्या दिवसांत रोज रात्रीं एक गोष्ट सांगत असत. त्यांतल्या किती आठवतात, हें मोजूं लागलों तों एका हाताचीं बोटेंही पुरीं होईनात. जेवढ्या आठवल्या तेवढ्या एका वहींत उतरवून काढण्यास आम्हीं त्याच रात्रीं आरंभ केला आहे.